लागणे आणि चढणे

आमच्याकडे तरुणाच्या कामधंद्याबद्दल बोलताना एकच क्रियापद वापरतात. ‘पोट्टा लागला का?’ ‘लहाना लागला, मोठा अजून लागाचाच हाये.’ कशात लागला, कोणत्या पदावर, हे सांगावे लागत नाही. खापरखेड्यात ‘लागला’ म्हणजे वीज केंद्रात किंवा कोळसा खाणीत कायम झाला. ठेक्यावर वीस वर्षे राबणाऱ्याला कुणी ‘लागला’ म्हणत नाही. तो ‘कामावर जाते’, एवढेच.

फळ लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, तशी नोकरी लागते. या क्रियापदात माणसाने स्वतः करायचे फारसे काही उरत नाही. आणि एकदा लागल्यावर पुढे काय, यासाठी तर शब्दच नाही. ‘करिअर’ हा शब्द आता शाळांच्या फलकांवर दिसतो, पण तो डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला. फिटर, वेल्डर, बॉयलरवरचा मदतनीस, खाणीतला कामगार यांनाही पायरीपायरीने चढता येते आणि त्या पायऱ्या कायद्यात आणि नियमांत लिहून ठेवलेल्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी या परिसरातल्या एका शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले. दहावीनंतर आयटीआयकडे वळलेली मुले पुढे कुठवर पोहोचली, याची एक वही ठेवत आले. त्या वहीतून जे दिसले आणि ते पडताळताना नियमांच्या पुस्तकांतून जे सापडले, ते या लेखात मांडते आहे.

एका संचाचे वय

खापरखेडा सावनेर तालुक्यात, नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीलगतच्या कोळसापट्ट्यात वसले आहे. सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी या खाणी जवळच. कोळसा आणि पाणी हाताशी असल्यामुळे वीजघर इथे आले. पहिले केंद्र १९५०च्या दशकात उभे राहिले, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळही स्थापन झाले. ते जुने, छोटे संच कधीच इतिहासजमा झाले. आजच्या केंद्रातले २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८९-९० मध्ये, पुढचे दोन २०००-०१ मध्ये आणि ५०० मेगावॉटचा पाचवा संच २०११ मध्ये सुरू झाला. एकूण क्षमता १३४० मेगावॉट.

आता एक साधे गणित मांडू. १९८९ मध्ये पहिला संच सुरू झाला तेव्हा बावीस वर्षांचा असलेला तरुण २०२५ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा होतो, म्हणजे निवृत्त होतो. एका संचाच्या सोबतीने एका माणसाची अख्खी नोकरी पार पडली. त्याच्या पिढीला ‘लागणे’ पुरले, कारण संच, मालक आणि गाव तिन्ही जागच्या जागी राहिले. परंतु कोळशावर चालणाऱ्या संचाचे उपयुक्त आयुष्य केंद्रीय वीज नियामक आयोग आपल्या हिशेबात २५ वर्षे धरतो. त्या मोजमापाने पहिले चारही संच आपले आयुष्य जगून झाले आहेत किंवा त्या उंबरठ्यावर आहेत. दुरुस्ती आणि नूतनीकरण करून संच पुढेही चालतात, पण त्यांच्या भरवशावर आज बावीस वर्षांच्या मुलाने छत्तीस वर्षांचा हिशेब मांडणे अवघड आहे. शेजारच्या कोराडीत हे डोळ्यांसमोर घडले. तिथले १९७०च्या दशकातले १२० मेगावॉटचे संच बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले. मोठा संच, जास्त स्वयंचलन, आणि प्रत्येक मेगावॉटमागे लागणारे हात कमी.

मालकही बदलला. २००३च्या वीज कायद्यानंतर, जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. गावातले म्हातारे अजूनही ‘बोर्डात हाये’ म्हणतात. बोर्ड जाऊन वीस वर्षे झाली.

ठेका बदलतो, माणूस तोच

आज औद्योगिक परिसराच्या कोणत्याही फाटकातून तीन प्रकारची माणसे आत जातात. कायम कामगार, ठेकेदाराचे कामगार आणि अप्रेंटिस. तिघांच्या हातात पाना एकच असला तरी तिघांची वाट निराळी आहे.

ठेक्यावरचा मुलगा एका आशेवर दिवस काढतो, की ‘एक ना एक दिवस पर्मनंट करतील’. या आशेचा कायदेशीर पाया किती, हे त्याला कुणी सांगत नाही. २००१ मध्ये ‘स्टील अथॉरिटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा कायम कामगार होत नाही. २००६च्या ‘उमादेवी’ निकालाने सरकारी आस्थापनांमध्ये मागच्या दाराने कायम होण्याची वाटही अरुंद केली. ठेका केवळ दिखाऊ असेल तर दाद मागता येते, संघटना ती मागतातही. पण तो वर्षानुवर्षांचा झगडा असतो. तेवढ्यावर तरुणपण गहाण टाकता येत नाही.

माझ्या वहीतला एक मुलगा चौदा वर्षे एकाच कोळसावाहक पट्ट्यावर काम करत होता. त्या काळात सहा ठेकेदार आले आणि गेले. पट्टा तोच, पाळी तीच, मुकादमही बहुधा तोच. दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्याला तीन वर्षांचाच अनुभव कागदावर दाखवता आला. बाकीची अकरा वर्षे त्याच्या हातांत होती, फायलीत नव्हती. त्याच्याच वर्गातला, अभ्यासात त्याच्यापेक्षा मागे असलेला दुसरा मुलगा आज एका साखर कारखान्यात बॉयलरवर जबाबदारीच्या जागी आहे. या दोघांत फरक कशाने पडला? कौशल्याने नव्हे, वशिल्यानेही नव्हे. दुसऱ्याचे कौशल्य एका सरकारी परीक्षेने प्रमाणित केलेले होते आणि ते प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या नावावर होते. ठेकेदार बदलला, संच बंद झाला, गाव सुटले, तरी ते त्याच्याबरोबर गेले.

माझ्या वहीचा सारांश एवढाच आहे. गेटपास ठेकेदाराचा असतो आणि परवाना माणसाचा असतो.

चार शिड्या

आता त्या पायऱ्या पाहू. पहिली शिडी बॉयलरची. बॉयलर फुटला तर माणसे मरतात, म्हणून १९२३च्या कायद्यापासून तो प्रमाणित माणसाच्या देखरेखीखालीच चालवावा लागतो. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली, पण हे मूळ तत्त्व कायम आहे. बॉयलर अटेंडंटचे दुसऱ्या वर्गाचे आणि पहिल्या वर्गाचे अशी दोन प्रमाणपत्रे असतात. पदविका किंवा पदवी आणि अनुभव असणाऱ्याला त्यापुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते. बॉयलर जितका मोठा, तितके वरचे प्रमाणपत्र लागते. आणि बॉयलर फक्त वीज केंद्रात नसतो. साखर कारखाना, कागद गिरणी, औषधांचा कारखाना, कापडउद्योग, दुग्धप्रकल्प, सगळीकडे वाफ लागते. कोळशाची वीज उद्या कमी झाली तरी वाफेचे काम संपणार नाही.

दुसरी शिडी वेल्डरची. फाटक-जाळी जोडणारा वेल्डर आणि बॉयलरची उच्च दाबाची नळी जोडणारा वेल्डर यांच्या रोजीत कितीतरी पटींचा फरक असतो. दुसऱ्याला बॉयलर नियमांखालची चाचणी द्यावी लागते. त्याने जोडलेला तुकडा तपासला जातो, मगच प्रमाणपत्र मिळते, आणि ते ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. संचाच्या ओव्हरहॉलिंगच्या काळात अशा वेल्डरांना देशभरातून बोलावणे येते. गावातला मुलगा हेल्पर म्हणून सिलिंडर वाहत असतो आणि परप्रांतातून आलेला वेल्डर नळी जोडतो, हे दृश्य आपल्याला नवे नाही. त्या हेल्परने त्या वेल्डरकडून काय शिकून घेतले आणि नंतर चाचणी दिली का, यावर त्याची पुढची दहा वर्षे ठरतात.

तिसरी शिडी विजेची. आयटीआयच्या मराठी नावांत वायरमन म्हणजे तारतंत्री, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, फिटर म्हणजे जोडारी, वेल्डर म्हणजे संधाता. बोलण्यात ही नावे कुणी वापरत नाही, पण भरतीच्या जाहिरातीत तीच येतात. ‘जोडारी’ म्हणजे आपणच, हे न कळल्यामुळे अर्ज न केलेली मुले मला भेटली आहेत. तारतंत्रीला परवाना मिळतो, पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र घेता येते, आणि त्याहीपुढे विद्युत ठेकेदाराचा परवाना. याच शिडीने माझ्या वहीतले काहीजण ठेक्यावरच्या कामगाराचे स्वतः ठेकेदार झाले.

चौथी शिडी खाणीची, आणि तीच सर्वांत स्पष्ट आखलेली आहे. सिरदार, ओव्हरमन, मग दुसऱ्या वर्गाचा आणि पहिल्या वर्गाचा व्यवस्थापक. ही प्रमाणपत्रे खाण सुरक्षा महासंचालनालय देते, त्याचे मुख्यालय धनबादला आहे. अनुभवाबरोबर प्रथमोपचार आणि वायूतपासणी यांचे दाखले लागतात. शिक्षणाच्या अटी काळानुसार बदलत गेल्या आहेत. म्हणून दुसऱ्याने सांगितलेल्या जुन्या माहितीवर न विसंबता चालू नियम स्वतः वाचावेत. खाणीत दर पाळीला पात्र माणूस हजर असलाच पाहिजे, अशी कायद्याची सक्ती असल्यामुळे या कागदाचे वजन कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसते.

मुलींच्या बाबतीत इथे एक मोठा बदल झाला आहे. १९५२च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई केली होती. २०१९ मध्ये केंद्राने ती काही अटींवर शिथिल केली, आणि तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना दिवसाच्या वेळेत भूमिगत खाणीत जाता येऊ लागले. म्हणजे हे दार तेव्हा मजुरीसाठी नव्हे, पात्रतेसाठी उघडले गेले. आमच्या कोळसापट्ट्यातल्या किती घरांत ही बातमी पोहोचली?

शिक्षणाची शिडी या चारही शिड्यांना टेकलेली आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत उमेदवारी करून अंतिम परीक्षा दिली, की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते, हे आधीच समजून घेतलेले बरे. पण इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला अग्रक्रम मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले आहे. नागपुरातच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वीज प्रशिक्षण प्रतिष्ठानची संस्था आहे. वीज क्षेत्रातले पुढचे प्रशिक्षण घेण्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही.

फायलीतले कागद

परवाना मिळवायला अनुभव लागतो आणि अनुभव सिद्ध करायला कागद लागतात. चौदा वर्षांतली अकरा वर्षे हरवलेल्या त्या मुलासारखी वेळ येऊ नये म्हणून काही सवयी पहिल्या पगारापासून लावून घ्याव्या लागतात.

कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७०च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत ठेकेदाराने कामगाराला रोजगार कार्ड, वेतनचिठ्ठी आणि काम संपल्यावर सेवेचा दाखला द्यायचा, अशी तरतूद होती. हा दाखला म्हणजे उपकार नव्हे. तो मागताना आवाज चढवायची गरज नाही, आणि खाली मान घालायचीही नाही. ठेका संपायच्या आधी, मुकादमाशी बोलणे सुरू असतानाच तो मागावा. ठेकेदार निघून गेल्यावर त्याचे कार्यालय शोधत नागपूर पालथे घालावे लागते. दाखल्यावर नुसते ‘कामगार’ असे न लिहिता कामाचे स्वरूप लिहून घ्यावे : कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्षमतेच्या संचावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.

भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खातेक्रमांक, ज्याला आपण ‘यूएएन’ म्हणतो, २०१४ पासून आला. मालक कितीही बदलले तरी हा क्रमांक एकच राहावा, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात नवा ठेकेदार कधी नवा क्रमांक काढून मोकळा होतो. तो काढू देऊ नये, जुनाच द्यावा. या खात्यात कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाने पैसे भरले याची नोंद राहते. म्हणजे ती बचत तर आहेच, शिवाय अनुभवाचा पुरावाही आहे. दुसरे असे, की १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ठेका संपला की लग्न, आजारपण किंवा मोटारसायकलसाठी सगळी रक्कम काढून घेतात, आणि पेन्शनच्या भागाबरोबर मोजलेली वर्षेही निघून जातात. निधीची गरज पडू शकते, पण पेन्शनची सेवा मात्र पुढच्या खात्यात वळवावी किंवा तिचे योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.

ओळख म्हणजे काय?

‘हे सगळं ठीक हाये मॅडम, पण ओळखीशिवाय काय होते?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. तो टाळण्यासारखा नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने सांगितले तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारा माणूस कामी आला, असे सांगणारे शंभरात सतराच्या आसपास निघाले. बाकी सगळ्यांना माहिती मिळाली होती ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे. रोज ज्यांच्यासोबत चहा पितो त्यांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळातून येते.

आपल्याकडे ‘ओळख’ या एकाच शब्दात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : वशिला आणि माहिती. वशिला सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण माहितीची ओळख कुणालाही जोडता येते. ओव्हरहॉलिंगसाठी आलेल्या परगावच्या वेल्डरचा नंबर, बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलेला वर्गमित्र, आयटीआयमधले जुने निदेशक, बदलून गेलेला सुपरवायझर. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि एकदा मध्ये, यांना फोन केला तरी पुरते. नोकरी मागण्यासाठी नव्हे, काय चालले आहे हे विचारण्यासाठी.

आणि तिसऱ्या प्रकारची ‘ओळख’ असते ती दलालाची. ‘एवढे दे, लावून देतो.’ वीज कंपन्यांची भरती जाहिरात आणि परीक्षेने होते, त्यात ‘लावून देणारा’ कुणी नसतो. तरीही शेताचा उरलेला तुकडा विकून पैसे दिलेली घरे मला ठाऊक आहेत. पैसे गेले, शेत गेले, आणि मुलाची परीक्षेची तयारी त्या वाट पाहण्यात गेली. ज्या रकमेत दलाल खोटी आशा विकतो, तिच्या छोट्याशा भागात वेल्डिंगचा सराव, परीक्षेची फी आणि प्रवासखर्च भागतो.

मर्यादाही सांगायला हव्यात

प्रमाणपत्राने जागा निर्माण होत नाही. शंभर मुलांनी परीक्षा दिली म्हणून शंभर बॉयलर वाढत नाहीत. सगळा भार एकट्या तरुणावर टाकून धोरणकर्त्यांनी आणि उद्योगांनी मोकळे व्हावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या गावांनी केंद्रासाठी आणि खाणीसाठी जमिनी दिल्या, राख आणि कोळशाची धूळ सोसली, त्यांच्या मुलांचा या उद्योगांवर हक्क आहे. तो हक्क फक्त ‘एका घराला एक नोकरी’ एवढाच मागायचा, की ठेक्यावरच्या प्रत्येक कामगाराला परीक्षेसाठी रजा, अनुभवाचा बिनचूक दाखला आणि प्रशिक्षण केंद्राचे दार हेही मागायचे, याचा विचार संघटनांनी आणि ग्रामपंचायतींनी करायला हवा. नोकरी एकाला मिळते. दाखला आणि प्रशिक्षण सगळ्यांना देता येते, आणि उद्या संच बंद झाला तरी ते परत घेता येत नाही.

शाळांनाही एक काम करता येईल. दहावीच्या वर्गात कोण कशात लागला याच्या याद्या वाचण्याऐवजी या चार शिड्यांचा तक्ता भिंतीवर लावावा. प्रत्येक पायरीखाली तिची अट, परीक्षा घेणारे कार्यालय आणि लागणारे कागद लिहावेत. आणि गावातल्या ज्या माणसाने ती पायरी चढली आहे त्याला वर्षातून एकदा बोलावून मुलांसमोर उभे करावे. त्याला मुलांनी विचारायचे प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत : पहिली परीक्षा कितव्या वर्षी दिली, नापास झालात तर पुन्हा केव्हा बसलात, आणि पाळी करून अभ्यासाला वेळ कुठून काढला?